बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी पाटी : कशी करावी, कशी वापरावी



मंडळातील कोणी आजारी पडले की डबा पोहोचवणे, रक्तदाते गाठून देणे, मुंबईला 'टाटा'मध्ये जाणाऱ्यांच्या राहण्याची सोय पाहणे, ही कामे आपण सभासद आपसांत करतोच. एका गोष्टीची तयारी मात्र बहुतेक घरांत नसते. रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला सगळे कळते आहे, पण बोलता येत नाही. भेटीच्या दहा मिनिटांत तो हाताने काहीतरी खुणावतो. आपण अंदाज बांधत राहतो : पाणी? दुखतंय? घरी जायचंय? तो मान हलवतो, ती 'हो' की 'नाही' तेही कळत नाही, आणि वॉचमन वेळ संपल्याचे सांगायला येतो.

अशा रुग्णांसाठी संवादाची साधने बनवणे हे आता एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यातले बरेचसे घरच्या घरी करता येते. सुरतेत तर ते घरच्यांनीच केलेले बरे, याचे कारण पुढे येईलच.

आधी, आवाज का जातो ते पाहू. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून स्वरयंत्राच्या मधून श्वासनलिकेत जाते. तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा फुगवला की हवा बाजूने वर येत नाही. स्वरतंतूंवरून हवा गेली नाही तर आवाज निघणारच नाही, माणूस कितीही जागा असो. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली (ट्रॅकिओस्टॉमी), तरी हवा स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर जाते. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्रच काढले तर मूळ आवाज कायमचा जातो. तोंडाच्या कर्करोगात जीभ किंवा जबड्याचा भाग काढला तर आवाज असतो, पण शब्द बनत नाहीत. गुजरातेत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा-तंबाखूचे परिणाम आपण आजूबाजूला पाहतोच, त्यामुळे या दोन शस्त्रक्रिया आपल्या समाजाला अनोळखी नाहीत. गिया-बारेसारख्या आजारात हातपायही हलत नाहीत, कधी फक्त डोळे उरतात.

या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. भाषा शाबूत आहे, फक्त तिची वाट बंद झाली आहे. पक्षाघातात कधी याच्या उलट घडते. मेंदूच्या डाव्या भागात इजा झाली तर शब्द सापडणे, वाचणे, दुसऱ्याचे बोलणे समजणे, हेच बिघडू शकते. त्याला अफेझिया म्हणतात. अशा रुग्णापुढे अक्षरांची पाटी धरणे म्हणजे त्याच्या दुखण्यावर बोट ठेवणे. त्याच्यासाठी फोटो, खऱ्या वस्तू, हावभाव आणि स्पीच थेरपिस्टचा सल्ला हाच मार्ग. या लेखातले बाकीचे पहिल्या प्रकारच्या रुग्णांविषयी आहे.

न बोलता येण्याला आपण 'गैरसोय' समजतो, ते चूक आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील २० रुग्णालयांच्या नोंदी तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णांना संवादाची अडचण होती, त्यांच्या बाबतीत टाळता येण्याजोगी दुर्घटना घडण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. कसे घडते हे समजायला फार कल्पना लागत नाही. नळीची पट्टी गालाला कापते आहे म्हणून रुग्ण तोंडाकडे हात नेतो. सिस्टरला वाटते, नळी उपसतोय. नळी निघाली तर जिवावर बेतेल, म्हणून हात पलंगाला बांधले जातात. तिच्या जागी तिचेही बरोबरच आहे. पण आता त्याच्याजवळ खुणावायला हातही उरला नाही. मग तो धडपडतो, आणि त्याला 'ॲजिटेटेड' ठरवून गुंगीचे औषध वाढते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉ. लान्स पटाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवरून नुकत्याच निघालेल्या २९ रुग्णांना विचारले, की नळी असताना समोर संवादाची पाटी असती तर उपयोग झाला असता का. २० जणांनी हो म्हटले. पाटीवर काय हवे, ते कसे मांडावे, हेही त्यांनाच विचारले गेले. त्या कामातून निघालेली पाटी पुढे अनेक भाषांत छापली गेली. आम्हाला यातली पद्धत महत्त्वाची वाटते. पाटीवर काय हवे हे पलंगावर पडलेल्या माणसाला विचारायचे, पलंगाशेजारी उभे असणाऱ्याला नाही.

आपल्याकडचे काम मुख्यतः मुलांच्या अंगाने सुरू झाले. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, आज तिचे नाव 'अडॅप्ट' आहे. त्यांची कन्या मालिनी छिब यांना सेरेब्रल पाल्सी. त्यांनी एका बोटाने टाइप करून आपले आत्मचरित्र लिहिले. चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' नावाचे साधन केले, चित्रे निवडली की वाक्य बोलून दाखवणारे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. रवी पूवय्या आणि अजंता सेन यांच्या चमूने 'जेलो' हे मोफत ॲप केले, ते मराठीतही आहे. त्यात चित्रांच्या दोन्ही बाजूंना 'हो', 'नाही', 'आवडते', 'आवडत नाही', 'अजून', 'कमी' अशी सहा बटणे असतात. एकाच चित्रापासून सहा वेगळी वाक्ये निघतात. कल्पना साधी आहे, आणि कागदी पाटीतही उचलता येते.

पण ही साधने भाषा शिकणाऱ्या मुलासाठी आहेत. आयसीयूतल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला भाषा शिकवायची नाही. त्याला घाम आला आहे, हाताला सलाइन आहे, चष्मा घरच्या पिशवीत आहे, छतावरचा ट्यूबलाइट डोळ्यांवर येतो आहे, आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे हॉस्पिटलपुरता आमचा कौल कागदालाच आहे.

सुरतेत अडते कुठे

परदेशी पाट्या इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्या छापून नेल्या तर निम्मे काम होते, निम्मे होत नाही. पाटीला दोन वाचक असतात, एक पलंगावर आणि एक पलंगाशेजारी. लंडनमध्ये दोघांची भाषा बहुधा एकच असेल. आपल्याकडे लिंबायत, उधना, डिंडोलीतले रुग्ण ताप्ती लाइनने आलेल्या खानदेशी घरातले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी. सिस्टर गुजराती, कधी केरळची. शेजारच्या पलंगावर गंजामचा ओडिया कारागीर किंवा तेलुगू पद्मशाली. शिवाय आपल्यातही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली जी घरे आहेत, त्यांतले कित्येक ज्येष्ठ मराठी बोलतात पण वाचतात गुजराती, कारण शाळा गुजराती होती. आणि गावाकडून आलेल्या काही आज्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही.

म्हणून प्रत्येक घरात तीन गोष्टी हव्यात : चित्र, रुग्ण जी लिपी वाचतो त्यात मोठा शब्द, आणि खाली गुजराती लिपीत सिस्टरसाठी तोच शब्द. भाषांतर शब्दकोशातून करू नका, शेजारच्या गुजराती बेनला विचारा. मराठीत 'कूस बदला', गुजरातीत 'पडखुं फेरवो'. 'उशी' तिथे 'ओशीकुं' होते. 'उलटी', 'कफ', 'चक्कर' दोन्हीकडे चालतात.

नात्यांच्या शब्दांत तर मोठीच गंमत आहे. 'दादाला बोलवा' या शब्दांत मराठी रुग्ण थोरल्या भावाला बोलावतो. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. अहिराणीत मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर', आणि हे शब्द सिस्टरने जन्मात ऐकलेले नसतात. यावर उपाय एकच. नात्यांच्या चौकटीत शब्दाऐवजी फोटो लावा आणि खाली नाव लिहा. पासपोर्ट आकाराचे पाच-सहा चेहरे पुरतात.

पाटीवर काय असावे

पहिला मान शरीराच्या तातडीच्या गोष्टींचा. श्वास लागतोय, कफ काढा, दुखतंय, तहान, उलटीसारखे होतेय, लघवी, संडास, गरम होतेय, थंडी वाजतेय, खाज सुटलीय, कूस बदला, तोंड कोरडे पडले. तहानेबाबत एक सूचना. नळी असताना पाणी पाजता येत नाही. तरीही 'तहान' हे घर ठेवाच. सिस्टर डॉक्टरांना विचारून ओल्या गॉझने ओठ आणि जीभ ओली करू शकते. निदान, पाणी का देत नाही हे रुग्णाला सांगता तरी येते. न सांगता नकार देणे फार बोचते.

दुखण्यासाठी एक घर पुरत नाही. काही परदेशी पाट्यांवर शरीराची आकृती असते आणि शेजारी 'पेन' हा एकच शब्द. मराठी माणसाला दुखणे एकसारखे नसते. ठणकतंय, कळ येतेय, चमक मारतेय, आग होतेय, टोचतंय, खुपतंय, मुंग्या येताहेत, गोळा आलाय, गुदमरतंय. डॉक्टरांना हा फरक हवा असतो. आग होतेय म्हटले की ते सलाइनची जागा पाहतील, खुपतंय म्हटले की नळीची पट्टी पाहतील. तेव्हा समोरून आणि पाठीमागून अशी दोन माणसांची रेखाचित्रे काढा आणि बाजूला हे शब्द लिहा. रुग्ण आधी जागा दाखवील, मग शब्द.

किती दुखते यासाठी सहा चेहऱ्यांची पट्टी बऱ्याच ठिकाणी दिसते. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात ती मुलांसाठी केली. शेवटचा चेहरा अश्रू ढाळणारा आहे. आपल्या काकांपैकी किती जण सिस्टरसमोर त्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवतील? आम्हाला शंका आहे. मोठ्यांसाठी ० ते १० अशी आकड्यांची शिडी बरी.

यापुढचा भाग तयार पाट्यांत पुरता सापडत नाही, आणि आमच्या मते तोच आपल्या लोकांना सर्वांत जास्त छळतो. बिल किती झाले? गावाला कळवले का? शेठला सांगितले का? मुले जेवली का? मला काय झाले आहे? आज वार कोणता? नळी कधी निघणार? बायकांसाठी 'अंगावर चादर घाला' आणि 'बाईमाणसाला बोलवा' ही दोन घरे ठळक हवीत. बेडपॅनच्या वेळी पुरुष मदतनीस आला म्हणून तासन्‌तास लघवी धरून ठेवणाऱ्या बायका असतात, आणि कारण कोणालाच कळत नाही. देवाचे घरही असू द्या. कोणाला अंगारा हवा असतो, कोणाला गजानन महाराजांचा फोटो उशाशी.

आणि शेवटचे घर, मोठे आणि वेगळ्या रंगाचे : 'मला जे म्हणायचे आहे ते यात नाही.' हे घर नसलेली पाटी रुग्णाला आपण ठरवलेल्या वाक्यांत कोंडते. या घरावर बोट पडले की पाटी उलटायची. मागे अक्षरे असतात.

वर्णमालेचा उपयोग

फ्रान्समधील संपादक जाँ-डोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये पक्षाघात झाला आणि फक्त डाव्या डोळ्याची पापणी हलती राहिली. मदतनीस अक्षरे म्हणत जाई, हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. असे अक्षर अक्षर जोडून त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी-फ्रेंच अक्षरांना नैसर्गिक ओळी नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जास्त वापराची अक्षरे आधी अशी खास यादी करावी लागली.

आपल्या वर्णमालेला ओळी मुळातच आहेत. क-ओळ, च-ओळ, ट-ओळ, त-ओळ, प-ओळ, मग 'य र ल व ळ' आणि 'श ष स ह अ'. सात ओळी, प्रत्येकी पाच घरे, एकूण ३५. शेवटच्या 'अ'मध्ये सगळे स्वर आले. आपण विचारायचे, "पहिली ओळ? दुसरी? तिसरी?" रुग्णाने खूण केली की त्या ओळीतली अक्षरे एकेक म्हणायची. एका अक्षराला जास्तीत जास्त १२ प्रश्न, बहुतेक वेळा सहा-सात. सरळ एकापाठोपाठ म्हणत गेलो तर ३५ पर्यंत जावे लागेल. काना-मात्रा सोडून द्या. 'प ण' आले की "पाणी? पण? पेन?" असे विचारून मोकळे व्हा. दोन-तीन अक्षरांत शब्द बहुधा ओळखू येतो.

यातला खरा फायदा पुढे आहे. शाळेत गेलेल्याला हा क्रम पाठ असतो, त्यामुळे चष्मा नसला, नजर अंधूक असली, तरी केवळ कानाने हे चालते. गुजराती 'कक्को'चा क्रमही जवळपास तोच आहे. मल्याळी, तेलुगू, ओडियाचाही तोच. म्हणजे मराठी न येणारी सिस्टरही रात्री दोन वाजता क-ख-ग म्हणत रुग्णाकडून पहिले अक्षर काढून घेऊ शकते.

'हो' आणि 'नाही' आधी ठरवा

वरचे सगळे एका गोष्टीवर उभे आहे. रुग्णाचे 'हो' आणि 'नाही' निःसंशय कळले पाहिजे. मान हलवण्यावर विसंबू नका. आपल्याकडची डुगडुगती मान 'हो', 'ठीक आहे', 'बघू' आणि 'राहू द्या' हे चारही सांगते. त्यात नळीमुळे मान पुरती वळतही नाही. हात चालत असेल तर अंगठा वर म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही. हात चालत नसेल तर डोळे दोन सेकंद घट्ट मिटणे म्हणजे हो, नजर वर छताकडे म्हणजे नाही. नुसती पापणी मिटणे ठेवू नका, ती आपोआपही मिटते. जे ठरेल ते कागदावर गुजरातीत आणि मराठीत लिहून पलंगाच्या डोक्याशी लावायला सांगा. दिवसात तीन वेळा ड्यूटी बदलते आणि प्रत्येक वेळी शोध नव्याने सुरू होतो.

रोज वापरण्याआधी पारखून घ्या. "आपण सुरतेत आहोत ना?" "तुम्ही शाळेत शिकता का?" उत्तरे बरोबर आली तर पुढे जा. चुकली तर रुग्ण गुंगीत किंवा भ्रमात असू शकतो. तेव्हा त्याच्या 'हो'वर कोणताही निर्णय घेऊ नये, सहीचा तर मुळीच नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारा. "पाणी हवंय की कूस बदलू?" याला 'हो' हे उत्तर निरर्थक आहे. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून थांबा. आजारी माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो.

आमची एक सूचना लूमवाल्या घरांसाठी. खात्यात यंत्रांच्या खटखटाटात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलतात. अशा रुग्णाकडे खुणांची भाषा आधीच आहे. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एखाद्याला भेटीला न्या आणि त्या खुणांचा अर्थ कागदावर उतरवून सिस्टरला द्या.

करताना

ए-थ्री आकाराचा पांढरा जाड कागद घ्या. एका बाजूला पंधरा-वीसपेक्षा जास्त घरे नकोत. अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढे. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करताना मॅट मागा, चकचकीत नको. पडलेल्या माणसाला चकचकीत पाटीत फक्त ट्यूबलाइट दिसतो. लॅमिनेशन हवेच, कारण पाटी रोज जंतुनाशकाने पुसली जाते. पाटी त्याच्या छातीवर ठेवू नका, डोळ्यांसमोर तिरकी धरा. चष्मा आणि कानाचे यंत्र आत नेण्याची परवानगी आग्रहाने मागा.

लिहिता येत असेल तर बॉलपेन देऊ नका. पाठीवर पडून टोक वर करून लिहिले की ते बंद पडते. स्केचपेन किंवा मुलांची मॅजिक स्लेट द्या. फक्त डोळे हलत असतील तर पारदर्शक पाटी लागते. चार कोपऱ्यांत आणि चार कडांना शब्दांचे गट चिकटवायचे, ती दोघांच्या मध्ये धरायची, आणि रुग्णाची नजर कुठे जाते ते पलीकडून पाहायचे. बाजारात यासाठी ॲक्रिलिकचा पत्रा मिळतो, पण सुरतेत साडीच्या पेटीचे जाड पारदर्शक झाकण कोणाच्या घरात नाही?

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर पाटी आधी करा. तोंड किंवा घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी चार दिवस घरी तिच्यावर सराव झाला, तर रुग्ण स्वतःच दहा घरे बदलायला लावतो. त्याच दिवसांत त्याच्या आवाजातले दोन शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावेत असे आम्ही सुचवतो, नातवंडांना हाक मारलेली असली तरी चालेल. स्वरयंत्र काढल्यानंतर घशाला टेकवायचे विजेचे यंत्र असते, अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकता येते, आणि झडपही बसवता येते. बंगळूरूचे डॉ. विशाल राव यांनी 'ऑम' नावाची झडप सुमारे ५० रुपयांत होईल अशी विकसित केली आहे. कोणाला काय योग्य ते सर्जन आणि स्पीच थेरपिस्ट सांगतील. मोबाइलवर लिहायचे असेल तर आयआयटी मुंबईचाच 'स्वरचक्र' कळफलक पाहा. अक्षरावर बोट ठेवले की त्याची बाराखडी चक्रात उघडते, त्यामुळे कधीही मराठी टाइप न केलेल्यालाही जमते.

नेण्यापूर्वी वॉर्डच्या मुख्य सिस्टरला पाटी दाखवा आणि एक प्रत तिच्याजवळ द्या. मावशींना (इथल्या 'मासी'ना) विसरू नका. रात्री रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ त्याच असतात.

नळी निघाली की घरचे पाटी पिशवीत टाकतात. थोडे थांबा. नळीने घसा सुजलेला असतो, पहिले काही दिवस आवाज बसलेला आणि कुजबुजण्याएवढाच राहतो. बोलून थकवा येतो, तेव्हा रुग्ण पुन्हा बोट दाखवू लागतो. घरी आल्यावरही आठवडाभर ती पलंगाजवळच असू द्या. मग पुसून मंडळात आणून द्या. नात्यांचे फोटो तेवढे काढून ठेवा.